मसुदा आधी, चेक नंतर: बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचा करारनामा कसा वाचायचा

रजिस्ट्रेशनच्या दिवशी वातावरण लग्नघरासारखं असतं. पेढ्यांचा बॉक्स, आईवडिलांचे फोटो, 'मॅडम, इथे एक सही, इथे एक, आणि या पानावर दोन'. समोर शे-सव्वाशे पानांचा गठ्ठा, सहीच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या. मी २०११ साली दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर बसून असाच एक गठ्ठा वीस मिनिटांत संपवला होता. चार वर्षांनी आमच्या बागेच्या जागेवर तिसरी विंग उभी राहायला लागली, तेव्हा भांडायला गेलो. बिल्डरच्या माणसानं शांतपणे माझाच करारनामा उघडून दाखवला: भविष्यातल्या कुठल्याही वाढीव बांधकामाला मी आधीच संमती देऊन ठेवली होती. खाली माझीच सही, टपोऱ्या अक्षरात.

गेल्या वर्षी भाचीचा फोन आला, ''मावशी, पुनावळ्यात टू बीएचके बघितलाय, ८० लाखांचा. उद्या टोकन देतोय.'' म्हटलं, उद्या काही देऊ नकोस. आधी ड्राफ्ट मागव.

पुढे लिहिलंय ते त्या दोन-तीन महिन्यांत आम्ही जे केलं त्यावरून. मी वकील नाही. वकिलाकडे जावंच लागतं, पण काय विचारायचं हे माहीत असलं की त्याची फी सार्थकी लागते. शिवाय हे सगळं महाराष्ट्रातल्या, बांधकाम चालू असलेल्या, बिल्डरकडून थेट घ्यायच्या फ्लॅटबद्दल आहे. रीसेलचं गणित वेगळं.

पहिलं काम: पैसे थांबवा

खरेदीदाराच्या हातात खरी ताकद असते ती पहिल्या मोठ्या चेकच्या आधी. एकदा २०-२५ लाख गेले की तुम्ही विनंती करणारे होता.

कायदाही हेच गृहीत धरतो. २०१६च्या रेरा कायद्याच्या, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम १३ नुसार करारनामा लिहून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ८० लाखांच्या फ्लॅटला ही मर्यादा ८ लाख. टोकन, बुकिंग, ब्लॉकिंग अमाउंट, काहीही नाव द्या, सगळं मिळून ८ लाख. 'ऑफर या रविवारपर्यंतच आहे, २० टक्के भरलेत तर मॉड्युलर किचन फ्री' असं कोणी म्हणालं, तर ते किचन कायदा मोडून मिळतंय एवढं लक्षात घ्या.

बुकिंग केलंच तर अलॉटमेंट लेटर मागा आणि त्यावरची तारीख बघा. महारेरा म्हणजे या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण. त्याच्या नमुन्यातल्या या पत्रात बुकिंग रद्द केल्यास किती कापायचं ते ठरलेलं आहे: पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काहीच नाही, १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. म्हणजे पहिले १५ दिवस सोन्याचे. मसुदा याच दिवसांत वाचून संपवायचा. भाचीनं १ लाख रुपये देऊन बुकिंग केलं आणि त्याच संध्याकाळी मेल टाकला: करारनाम्याचा संपूर्ण मसुदा, सर्व परिशिष्टांसह, पीडीएफमध्ये पाठवा. 'रजिस्ट्रेशनच्या दिवशी दाखवतो' असं उत्तर आलं. दुसरा मेल गेला. तिसऱ्या दिवशी मसुदा आला. मागितल्यावर येतो, फक्त मागावा लागतो.

दुसरं: महारेराच्या संकेतस्थळावर एक संध्याकाळ

जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, २०२३च्या ऑगस्टपासून तो सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. भूखंड ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा एकूण सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. असा छोटा प्रकल्प असेल तर तुमचा आधार १९६३चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा जुना फ्लॅट मालकी कायदा, आणि मग वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

पानावर चार गोष्टी बघायच्या. प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख आणि ती आधी किती वेळा वाढवून घेतली आहे. प्रवर्तक म्हणून नावं कोणाची आहेत: नुसता बिल्डर, की जमीनमालकही. प्रकल्पावर कर्जाचा बोजा आहे का. आणि मंजूर नकाशे व बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, किती मजल्यांपर्यंतचं आहे. भाचीचा फ्लॅट १९व्या मजल्यावर, आणि सीसी होती १४व्या मजल्यापर्यंत! यात फसवणूकच असते असं नाही, वरच्या मजल्यांची सीसी टप्प्याटप्प्यानं मिळत जाते. पण 'मंजुरी आली नाही तर काय' याचं उत्तर करारात हवं. आम्ही ते लिहून घेतलं: ठराविक तारखेपर्यंत १९व्या मजल्याची मंजुरी आली नाही, तर कपात न करता व्याजासह पूर्ण रक्कम परत.

टायटल रिपोर्ट, म्हणजे जमिनीची मालकी निर्वेध आहे का याचा वकिलाचा अहवाल, तिथेच मिळतो. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावरची नावं आणि करारातली नावं जुळतात का ते बघा. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना वाचा, कोर्टकज्जे आणि बोजे तिथेच लपलेले असतात. जमीनमालक वेगळा असेल तर त्याचा बिल्डरशी झालेला नोंदणीकृत विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र मागा. आणि एक गैरसमज काढून टाका: 'बँकेनं कर्ज मंजूर केलंय म्हणजे टायटल क्लिअर'. बँक आपलं कर्ज सुरक्षित आहे का ते बघते. तुमची बाग, पार्किंग, ताब्याची तारीख यांच्याशी तिला देणंघेणं नसतं.

तिसरं: दोन मसुदे शेजारी शेजारी

कराराचा नमुना सरकारनं ठरवून दिलेला आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या रेरा नियमांना तो जोडलेला आहे आणि महारेराच्या साइटवर मिळतो. शिवाय बिल्डरनं स्वतःचा मसुदाही प्रकल्पाच्या पानावर चढवलेला असतो. तो नमुन्यापासून कुठे वेगळा आहे हे वेगळ्या रंगात दाखवावं आणि फरकांची यादी खरेदीदाराला द्यावी, असं महारेरानं डिसेंबर २०२२मध्ये सांगितलं आहे. यादीला 'डिव्हिएशन रिपोर्ट' म्हणतात. नावानिशी मागा, म्हणजे समोरच्याला कळतं की या बाई वाचून आल्यात.

आम्ही दोन्ही मसुदे छापले, जेवणाच्या टेबलावर पसरले आणि पेन्सिल घेऊन बसलो. कंटाळवाणं काम आहे, दोन रविवार गेले. पण ११० पानांच्या गठ्ठ्यात खरोखर वाचण्यासारखी पानं पंचवीस-तीसच निघतात, बाकी सगळा जमिनीचा इतिहास.

नैसर्गिक आपत्ती, दोष दुरुस्ती, कार्पेट एरिया आणि अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं) यांचे क्लॉज बदलता येत नाहीत असं महारेरानं सांगितलंय, पुढे पार्किंगचीही भर पडली. तरीही हेच आधी वाचा. शब्द जसेच्या तसे ठेवून खाली 'तथापि' म्हणून एक उपक्लॉज जोडायची कला काही मसुद्यांत दिसते.

ताब्याची तारीख

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. तारीख, महिना, वर्ष असं लिहिलेलं हवं. 'सीसीपासून ३६ महिने', 'अंदाजे', 'सर्व परवानग्या मिळाल्यास' असलं काही नको.

भाचीच्या मसुद्यात तारीख ठीक होती, पण पुढे शेपूट होतं: 'किंवा महारेरा वेळोवेळी वाढवून देईल ती तारीख'. महारेराची मुदतवाढ हा बिल्डर आणि प्राधिकरण यांच्यातला मामला. तिच्यामुळे तुमच्या करारातली तारीख आपोआप पुढे सरकत नाही. ती सरकते तुम्ही स्वतः असं शेपूट मान्य केलंत तर. ते खोडायला लावा.

मग 'अपरिहार्य कारणं', म्हणजे ज्यांच्यामुळे झालेला उशीर बिल्डरला माफ होतो ती. युद्ध, पूर, भूकंप, सरकारी किंवा न्यायालयीन आदेश, इथपर्यंत नमुन्यात आहे. त्यात मजुरांची टंचाई, सिमेंट-वाळूचे भाव, पालिकेकडून उशीर, 'कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचं कोणतंही कारण' असं घुसडलेलं असेल तर पेन्सिलनं गोल करा. वाळूचा तुटवडा आपल्याकडे दर पावसाळ्यात होतो, तो अपरिहार्य कसा?

'ताबा' या शब्दाची व्याख्याही तपासा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळाल्यानंतरचाच ताबा हा ताबा. 'फिटआउट पझेशन' म्हणजे किल्ली मिळते, फर्निचर करता येतं, आणि बिल्डर म्हणायला मोकळा की आम्ही वेळेत ताबा दिला. ओसी नसताना राहायला गेलेली माणसं वर्षानुवर्षं टँकरचं पाणी पितायत.

उशीर झाला तर कलम १८ दोन वाटा देतं: प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत घ्या, किंवा थांबा आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्या. निवड तुमची, बिल्डरची नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात वेळेत ताबा न मिळालेल्याचा परताव्याचा हा हक्क बिनशर्त असल्याचं म्हटलं आहे. महाराष्ट्रात व्याजाचा दर आहे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के. समजा हा एकूण दर ११ टक्के निघाला आणि तुमचे ६० लाख गेलेले असले, तर महिन्याला ५५ हजार होतात. घरभाडं आणि ईएमआय एकदम भरणाऱ्याला ही रक्कम छोटी नाही.

आणि हा दर दोन्ही बाजूंना सारखाच असतो. तुमचा हप्ता चुकला तर २४ टक्के आणि त्यांचा ताबा चुकला तर ९ टक्के, किंवा चौरस फुटाला ५ रुपये महिना, असं लिहिलेलं दिसलं की समजा मसुदा रेराच्या आधीचा आहे, फक्त कव्हर बदललंय.

हप्ते

नमुना करारातल्या मर्यादा अशा आहेत, आणि प्रत्येक आकडा तोपर्यंतची एकूण रक्कम आहे, नवा हप्ता नव्हे. करार झाल्यावर जास्तीत जास्त ३० टक्के. जोतं पूर्ण झाल्यावर ४५. सगळे स्लॅब झाल्यावर ७०. भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५. सॅनिटरी, जिने, लिफ्टचे शाफ्ट, लॉबी झाल्यावर ८०. बाहेरचं प्लंबिंग आणि प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५. लिफ्ट, पंप, विजेचं काम वगैरे झाल्यावर ९५. उरलेले ५ टक्के ओसीनंतर ताबा घेताना.

८० लाखांच्या हिशेबात स्लॅबपर्यंत ५६ लाख, आणि शेवटी हातात राहतात ४ लाख. बिल्डरची धडपड असते ते शेवटचे ४ लाख आधी काढून घ्यायची. 'ओसीसाठी अर्ज केल्यावर १०० टक्के' हे वाक्य आमच्या मसुद्यात होतं. अर्ज काय, कोणीही करतो. ते बदलून 'ओसी मिळाल्यावर' करून घेतलं. एका शब्दाचा फरक, पण ओसी येईपर्यंत दोन्ही बाजूंना घाई राहिली पाहिजे.

प्रत्येक मागणीपत्रासोबत त्या टप्प्याचं आर्किटेक्टचं प्रमाणपत्र मिळेल, अशी ओळ घालून घ्या. फोटोतला स्लॅब कुठल्या विंगचा आहे ते कळत नाही. आणि किंमत वाढणार नाही हेही बघा: सरकारी शुल्कांतली वाढ सोडली, तर स्टील महागलं म्हणून भाव वाढवता येत नाही.

क्षेत्रफळ आणि पार्किंग

करारात फक्त कार्पेट एरिया मोजायचा. बिल्टअप, सुपर बिल्टअप, लोडिंग हे शब्द ब्रोकरच्या तोंडी राहू द्या. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत, बाल्कनीचं माप वेगळं लिहितात. भाचीच्या फ्लॅटचा कार्पेट ६२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६६७ चौरस फूट. ब्रोकर मात्र कायम 'साडेनऊशे'चा फ्लॅट म्हणत होता.

३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, असं नमुन्यात आहे. पण चालतो याचा अर्थ फुकट जातो असा नाही. क्षेत्र कमी भरलं तर त्या प्रमाणात पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे असतात. इथे ३ टक्के म्हणजे २० चौरस फूट, चौरस फुटाला १२ हजारांच्या दरानं २ लाख ४० हजार. 'या मर्यादेतल्या फरकासाठी उभयपक्षी देणंघेणं राहणार नाही' हे वाक्य सौजन्यपूर्ण वाटतं. खोडा.

पार्किंगबद्दल थोडक्यात. उघडी पार्किंगची जागा विकता येत नाही. आच्छादित पार्किंग असेल तर तिचा क्रमांक, मजला, लांबी, रुंदी, उंची आणि नकाशातली खूण करारासोबत हवी, एप्रिल २०२४मध्ये महारेरानं हे स्पष्ट केलंय. नुसतं 'एक कार पार्क' लिहिलं असेल तर ताब्याच्या दिवशी खांबाच्या मागची, दार न उघडणारी जागा पदरात पडते.

संमतीचा क्लॉज, माझं जुनं दुखणं

हा सहसा एका ठिकाणी नसतो. 'प्रवर्तकाला वाढीव एफएसआय, टीडीआर वापरण्याचा हक्क राहील' (एफएसआय म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल ते प्रमाण, टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) हे एका पानावर, 'लेआउटमध्ये बदल करण्यास खरेदीदाराची हरकत नाही' दुसऱ्या पानावर, 'गच्ची, बाजूची मोकळी जागा प्रवर्तकाच्या ताब्यात राहील' तिसऱ्या पानावर. आणि शेवटी, 'ही संमती अपरिवर्तनीय समजावी'.

कलम १४ असं सांगतं: तुमच्या फ्लॅटच्या मंजूर नकाशात बदल करायचा तर तुमची आधी संमती घ्यायची. इमारतीच्या किंवा सामायिक जागेच्या नकाशात बदल करायचा तर दोनतृतीयांश खरेदीदारांची आधी लेखी संमती घ्यायची. करार करतानाच, काय बदलणार हे न सांगता घेतलेली सरसकट संमती म्हणजे या कलमाला बगल. म्हणून पुढचे टप्पे असतील तर विचारा: या भूखंडावर अजून किती विंग, किती मजले, किती एफएसआय शिल्लक? उत्तर आकड्यांत आणि नकाशासह परिशिष्टात घालायला लावा. जे परिशिष्टात आहे त्याला संमती, जे नाही त्याला नव्यानं विचारायचं. भाचीच्या करारात ही ओळ घालायला बिल्डरचा वकील तीन आठवडे तयार नव्हता. मीही मागे हटायला तयार नव्हते. शेवटी घातली.

ब्रोशरमधल्या सोयींचंही तसंच. 'तोंडी आश्वासनं, जाहिराती, ब्रोशर यांचा या कराराशी संबंध नाही' अशी ओळ असतेच. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले तर कलम १२ खाली भरपाई मागता येते, पण सिद्ध करायचं तुम्हाला. त्यापेक्षा पोहण्याचा तलाव, त्याचं माप आणि कुठल्या टप्प्यात होणार हे परिशिष्टात लिहून घ्या. फरशी, नळ यांच्या कंपन्यांच्या नावांपुढे 'किंवा समतुल्य' असेल तर 'त्याच किमतीचं' एवढं जोडा. आणि सॅम्पल फ्लॅटचा व्हिडिओ काढून ठेवा.

रद्द करणं, दुरुस्ती, सोसायटी

रद्द करण्याच्या क्लॉजमध्ये नमुना असं सांगतो की तुमचे तीन हप्ते चुकले तर १५ दिवसांची लेखी नोटीस, रजिस्टर्ड पोस्टानं आणि मेलनं, आणि मगच करार रद्द. उरलेली रक्कम ३० दिवसांत परत. किती कापायचं ती जागा रिकामी असते, तिथे बिल्डर काय भरतो ते बघा. आमच्याकडे २० टक्के होते, म्हणजे १६ लाख. घासाघीस करून बरेच खाली आणले.

दोष दुरुस्तीची मुदत ताब्यापासून ५ वर्षं. बांधकामातला, कामातला, दर्जातला दोष कळवल्यावर ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा. 'हेअरलाइन क्रॅक वगळून', 'गळती वगळून' अशा वगळण्या कापा. पहिल्याच पावसात जे होणार तेच नेमकं वगळलेलं असतं.

सोसायटीबद्दल लोक फार बेफिकीर असतात, कारण ते 'नंतरचं' असतं. इमारतीतल्या ५१ टक्के सदनिका बुक झाल्या की ३ महिन्यांत सोसायटी नोंदणीचा अर्ज करायचा, असा महाराष्ट्राचा नियम आहे. अभिहस्तांतरणाची मुदतही करारात हवी. एकाच इमारतीचा प्रकल्प असेल तर ओसी, किंवा ५१ टक्के खरेदीदारांचे पूर्ण पैसे, यांतलं जे आधी घडेल त्यापासून ३ महिने. मोठ्या लेआउटमध्ये 'शेवटचा टप्पा पूर्ण झाल्यावर' असं असतं. शेवटचा टप्पा कुठला हे लिहिलेलं नसेल तर तो कधीच येत नाही. आमच्या २०११च्या इमारतीला शेवटी मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर करून देत नाही म्हणून सरकारी अधिकाऱ्याकडून ते मिळवण्याचा, अर्ज करावा लागला, त्याची फाइल माझ्या कपाटात दोन कप्पे व्यापून आहे. पुनर्विकासाची इमारत असेल तर सोसायटी आधीच असते, तिथे तुम्हाला सभासदत्व देण्याची अट सोसायटी आणि बिल्डर यांच्या करारात आहे का एवढं बघा.

मेंटेनन्सची आगाऊ रक्कम, कॉर्पस (सोसायटीचा राखीव निधी), लीगल चार्जेस, क्लब हाउस हे 'इतर खर्च' आकड्यासह लिहून घ्या आणि हिशेब सोसायटीला देण्याची अट घाला.

आक्षेप कसे नोंदवायचे

फोनवर नाही. एक तक्ता करा: क्लॉज क्रमांक, मसुद्यातले शब्द, नमुन्यातले शब्द, आमचा सुचवलेला बदल. सूर शांत ठेवा. आम्ही ११ मुद्दे पाठवले.

उत्तर ठरलेलं असतं: ''मॅडम, आमचा स्टँडर्ड ड्राफ्ट आहे, चारशे जणांनी साइन केलाय.'' अशा वेळी तीन गोष्टी करा. मुद्द्यांची प्रतवारी करा, ज्यावर घर सोडायची तयारी आहे ते चारच असू देत, बाकीच्यांवर सौदा. मूळ मसुदा बदलत नसतील तर त्याच कराराला पुरवणी परिशिष्ट मागा, तेही नोंदवलेलं. बिल्डरच्या लेटरहेडवरचं पत्र दुय्यम, पण नसण्यापेक्षा बरं. आणि त्याच प्रकल्पातले अजून दोन-चार खरेदीदार शोधा, एकाला नाही म्हणणं सोपं असतं, सहांना जड जातं.

काहीच बदललं नाही आणि तरी घर घ्यायचंच असेल, तर तुमचे आक्षेपांचे मेल जपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९मध्ये पायोनिअर अर्बनच्या खटल्यात स्पष्ट म्हटलं आहे की बिल्डरनं तयार केलेल्या एकतर्फी अटी, ज्यांवर ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून खरेदीदारापुढे पर्याय नव्हता, त्या त्याच्यावर बंधनकारक ठरत नाहीत. पण हा आधार कोर्टात जाऊन मिळवायचा असतो, वर्षं खर्चून. सहीआधीचा मेल स्वस्त पडतो.

नोंदणीचा दिवस

मुद्रांक शुल्क आधी ऑनलाइन भरतात. पुणे, पिंपरी-चिंचवड भागात ते ७ टक्के, मुंबईत ६, आणि घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. भाचीच्या घरात यावर दोन दिवस चर्चासत्र झालं, शेवटी ८० हजार वाचले. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. बांधकाम चालू असताना जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायचा, आणि हे काम खरेदीदाराचं आहे.

हल्ली पहिल्या विक्रीची ई-नोंदणी बिल्डरच्या ऑफिसातच होते. सोय आहे, पण घरचं मैदान त्यांचं. आदल्या रात्री अंतिम पीडीएफ मागवा आणि मान्य झालेल्या प्रतीशी क्लॉजवार ताडून बघा. आमच्या अंतिम प्रतीत एक जुना परिच्छेद 'चुकून' परत आला होता. परिशिष्टं सगळी लागलीत ना, फ्लोअर प्लॅन तुमच्याच फ्लॅटचा आहे ना, हेही तेव्हाच. हातानं खाडाखोड केली असेल तिथे दोघांच्याही सह्या. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला सादर व्हावा लागतो, पण तो त्याच दिवशी करून टाका. परदेशात असाल आणि भाऊ-बहीण तुमच्या वतीनं सही करणार असतील, तर तिकडून आलेल्या कुलमुखत्यारपत्रावर ते भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक लागतो हे विसरू नका.

नोंदणी झाली की इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी गोषवारा, मिळतो. त्यावरचं नाव, फ्लॅट क्रमांक, क्षेत्र, रक्कम तिथल्या तिथे वाचा. मूळ करारनामा कर्ज असेल तर बँकेकडे जातो, म्हणून त्याआधी पूर्ण रंगीत स्कॅन.

पुढे बिनसलं तर

आधी लेखी नोटीस. मग महारेराचा सलोखा मंच, जिथे दोन्ही बाजू तयार असतील तर बोलून मार्ग निघतो. नाहीतर ऑनलाइन तक्रार, फी ५ हजार रुपये, वकील सक्तीचा नाही. आदेश तुमच्या बाजूनं लागला आणि बिल्डरनं पैसे दिले नाहीत, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. हा शेवटचा टप्पा रेंगाळतो, त्यामुळे व्याजाचा तक्ता, प्रत्येक हप्त्याची पावती आणि मागणीपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत जा.

भाचीच्या ११ मुद्द्यांपैकी ७ मान्य झाले, २ अर्धवट, २ नाहीत. मान्य न झालेल्यांत क्लब हाउसची फी आहे आणि पार्किंगमधला खांब. खांबाचं माप मात्र आता परिशिष्टात आहे.